गाडी सुटण्याआधी खाली वाकून कोण बघतं?

फलाटावर गाडी लागलेली, इंजिन जोडलेलं, वेळ टळून पाच-सात मिनिटं झालेली आणि गाडी जागची हलत नाही. बल्लारशाह, गोंदिया, वर्धा, बडनेरा या बाजूने रोज अप-डाउन करणाऱ्याला यात नवं काही नाही. कोणीतरी खिडकीशी तोंड नेऊन विचारतंच, "काऊन उभी ठेवली बाप्पा?" वाटेतल्या स्टेशनावर याचं उत्तर बहुधा "समोर कोळशाची मालगाडी आहे" एवढंच असतं. पण गाडी जिथून सुटते त्या स्टेशनावर कारण निराळं असू शकतं. तिचा कागद अजून झालेला नसतो.

हा कागद म्हणजे ब्रेक पॉवर सर्टिफिकेट. रेल्वेतली माणसं त्याला नुसतं बीपीसी म्हणतात. तो हातात आल्याशिवाय लोको पायलटने गाडी काढायची नाही, असा नियम आहे. कागद एकच असतो, पण तो भरण्याआधी बरेच तास काम झालेलं असतं. त्यातलं बरंचसं फलाटापासून दूर, यार्डाच्या कडेला, रुळाखालच्या खड्ड्यात उभं राहून.

पुढच्या फेरीची तपासणी सुरू होते ती गाडी आधीची फेरी संपवून परत येते तेव्हा. ती फलाटात शिरत असताना आपली नजर डब्यात जागा दिसते का यावर असते. फलाटाच्या टोकाशी, रुळाच्या दोन्ही अंगांना उभी असलेली दोन-तीन माणसं मात्र चाकांकडे बघत असतात. ही 'सी अँड डब्ल्यू' खात्याची, म्हणजे कॅरेज अँड वॅगनची माणसं. गाडी हळू झालेली असते, पण थांबलेली नसते, आणि काही दोष चाक फिरत असतानाच कळतात. खाली काही लोंबतंय का, कुठे ठिणग्या पडताहेत का, जळका वास येतोय का, एखाद्या चाकाचा 'ठक-ठक' आवाज येतोय का.

हा ठक-ठक आवाज जरा समजून घेण्यासारखा आहे. एखाद्या डब्याचा ब्रेक अडकून राहिला की चाक फिरायचं थांबतं आणि रुळावरून घासत जातं. घासलेल्या जागी चाकाची गोलाई मोडून सपाट चट्टा पडतो. ब्रेक सुटला तरी चट्टा राहतोच, आणि मग प्रत्येक फेऱ्याला तो रुळावर आपटतो. नव्या चाकाचा व्यास ९१५ मिलिमीटर असतो. म्हणजे ताशी ९० किलोमीटरने धावणाऱ्या गाडीत तो चट्टा सेकंदाला आठ-नऊ वेळा आपटणार, आणि रिकामा डबा असतो साधारण ४० टनांचा. रुळाला तडा जायला, बेअरिंगची वाट लागायला एवढं पुरतं. म्हणून प्रवासी डब्याच्या चाकावर ५० मिलिमीटरपेक्षा, म्हणजे जेमतेम दोन इंचांपेक्षा लांब चट्टा चालत नाही.

दुसरी भीती गरम ॲक्सलची. चाकांच्या जोडीला जोडणारा दांडा म्हणजे ॲक्सल, आणि त्याची टोकं ज्या डबीत फिरतात ती ॲक्सल बॉक्स. आतलं बेअरिंग खराब व्हायला लागलं की ती डबी तापते. वेळेत लक्षात आलं नाही तर ॲक्सल तुटू शकतो आणि डबा रुळावरून उतरतो. हल्ली गाडी आली की हातातल्या इन्फ्रारेड यंत्राने प्रत्येक डबीचं तापमान बघतात. आपल्याकडे मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरकडे पारा ४५ अंशांच्या वर गेलेला असतो, तेव्हा सगळंच लोखंड हात भाजेल एवढं तापलेलं. अशा वेळी नुसता आकडा बघून भागत नाही. त्याच गाडीतल्या इतर ॲक्सल बॉक्सांशी ताडून बघावं लागतं. सगळ्या डब्या सारख्या तापल्या असतील तर तो उन्हाचा प्रताप, आणि एकच डबी इतरांपेक्षा बरीच तापलेली निघाली तर ते त्या डबीचं दुखणं.

खड्ड्यातलं काम

प्रवासी उतरले की रिकामा रेक, म्हणजे इंजिन सोडून राहिलेली डब्यांची माळ, शंटिंग करून पिट लाइनवर नेतात. पिट लाइन म्हणजे दोन रुळांच्या मधोमध लांबच लांब खोदलेला, सिमेंटने बांधलेला खड्डा. माणूस आत उभा राहिला की डब्याचा खालचा भाग डोक्याच्या उंचीवर येतो. एलएचबी या नव्या बनावटीचा एक डबा साधारण २४ मीटर लांब. २२-२४ डब्यांची गाडी असेल तर या खड्ड्यातून अर्धा किलोमीटर चालावं लागतं. तेही मान वर करून, हातात टॉर्च आणि हातोडी घेऊन.

कामाला हात लावण्याआधी रेकच्या दोन्ही टोकांना लाल झेंडी किंवा पाटी लागते, रात्री लाल दिवा. ज्यांची माणसं खाली आहेत त्यांनी स्वतः काढल्याशिवाय ती दुसऱ्या कोणी काढायची नाही. खाली माणूस असताना वरून इंजिन येऊन टेकलं तर काय होईल, हे सांगायला नको.

खाली नेमकं बघतात काय, तर एकच बोगी घेऊ. बोगी म्हणजे अख्खा डबा नव्हे. बोलताना आपण डब्यालाच बोगी म्हणतो, पण इथे बोगी म्हणजे डब्याच्या दोन टोकांखाली असणारे चारचाकी गाडे. आधी चाकं. चाकाच्या आतल्या बाजूला जी कड असते ती चाकाला रुळावर धरून ठेवते. झिजून ती पातळ किंवा धारदार झाली तर रुळाच्या सांध्यावर, काट्यांवर, म्हणजे गाडी रूळ बदलते त्या जागी, चढू शकते. म्हणून तिच्यावर लोखंडी मापपट्टी ठेवून बघतात. एकाच ॲक्सलवरच्या दोन चाकांमधलं आतलं अंतर १६०० मिलिमीटर असावं लागतं, आणि त्यात फरक चालतो तो एक-दोन मिलिमीटरचा. चाक ॲक्सलवर घट्ट दाबून बसवलेलं असतं, पण कधी ते किंचित सरकतं. आपल्या डोळ्यांना ते दिसणारही नाही. पट्टीला कळतं.

मग स्प्रिंगा. स्प्रिंगेला तडा गेला तर तो बारीक रेघेसारखा असतो, आणि सवय झालेला टेक्निशियन तो शोधतो गंजावरून. रंगावर किंवा धुळीवर लालसर रेघ उमटलेली दिसली की तिथे हातोडी थांबते. नंतर ब्रेकचे भाग. आयसीएफ या जुन्या बनावटीच्या डब्यात ब्रेक ब्लॉक थेट चाकाच्या पाठीवर दाबला जातो. एलएचबीत ॲक्सलवर वेगळी डिस्क असते आणि पॅड तिला आवळतात. ब्लॉक असो की पॅड, ठरावीक जाडीपेक्षा झिजला की बदलायचा. तो 'अजून एक फेरी काढेल' की नाही हे ठरवायचं काम मापाचं आहे, अंदाजाचं नाही.

आणि मग पिना. डब्याखाली असंख्य खिळ्यापिनांनी भाग जोडलेले असतात. पीन निसटू नये म्हणून तिच्या टोकाला दुसरी बारीक पीन घालून तिचे पाय फाकवलेले असतात. हिला स्प्लिट पीन म्हणतात. किंमत म्हणाल तर चहापेक्षा कमी. ती नसली तर मोठी पीन हळूहळू सरकते, जड दांडा एका टोकाने खाली येतो, आणि ताशी शंभरच्या वेगात रुळात रुतला तर गाडी उलटू शकते. म्हणून लोंबू शकणाऱ्या प्रत्येक जड भागाखाली सेफ्टी पट्टी किंवा ब्रॅकेट लावलेला असतो. मूळ जोड तुटला तरी भाग पट्टीवर अडकावा, रुळावर पडू नये. तपासणारा पिनही बघतो आणि पीन गेली तर सांभाळणारी पट्टीही बघतो.

वर डब्यात त्याच वेळी सफाई चाललेली असते, पंखे-दिवे बघितले जातात, आपत्कालीन खिडकीची लाल दांडी उघडते का ते बघतात, पाणी भरतात. शौचालयांखाली आता बायो-टँक आहेत. डीआरडीओने विकसित केलेल्या या टाक्यांत जिवाणू मैल्याचं पाणी आणि वायू करतात. पण खर्ऱ्याची पन्नी काही जिवाणू खात नाहीत. आपल्या भागातून जाणाऱ्या गाड्यांच्या टाक्या कशाने तुंबत असतील हे विदर्भातल्या माणसाला वेगळं सांगायची गरज नाही. ती पन्नी शेवटी कुणाला तरी हाताने काढावी लागते, एवढं लक्षात असू द्या.

ही झाली फेरीगणिक होणारी तपासणी. तिच्यावर महिन्याची, त्याहून मोठ्या मुदतीची अशा पायऱ्या आहेत, आणि साधारण १८ महिन्यांनी डबा कारखान्यात जाऊन उघडला जातो. तिथे ॲक्सलच्या आत तडा आहे का हे अल्ट्रासाऊंडने बघतात, दवाखान्यात सोनोग्राफी होते त्याच तत्त्वावर. पुन्हा कारखान्यात कधी परतायचं ती तारीख डब्याच्या टोकाकडच्या भिंतीवर 'रिटर्न डेट' म्हणून रंगवलेली असते. फलाटावर वेळ असेल तेव्हा दोन डब्यांच्या मधल्या फटीत डोकावून बघा, सापडेल.

हवा आहे तोवर चाक मोकळं

आता मुख्य गोष्ट. गाडीचा ब्रेक कसा चालतो हे कळलं की बाकीचं सगळं आपोआप कळतं.

मोटारसायकलचा ब्रेक दाबला की लागतो, सोडला की सुटतो. ब्रेकची वायर तुटली तर ब्रेक लागतच नाही. रेल्वेने हे उलटं केलं आहे. अमेरिकेतल्या जॉर्ज वेस्टिंगहाउसने १८७२ च्या सुमाराला जी पद्धत काढली, तिचीच सुधारलेली रूपं जगभर वापरात आहेत. इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत एक हवेचा पाइप जातो. त्याचं नाव ब्रेक पाइप, बोलीत बीपी. त्यात हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला ५ किलो ठेवतात. दाब पूर्ण असला की सगळ्या डब्यांचे ब्रेक सुटलेले, चाकं मोकळी. ड्रायव्हरला ब्रेक लावायचा असेल तेव्हा तो पाइपातली हवा थोडी बाहेर सोडतो. दाब उतरला की प्रत्येक डब्याखालचा डिस्ट्रिब्युटर व्हॉल्व्ह ते ओळखतो आणि डब्याच्या स्वतःच्या टाकीतली साठवलेली हवा ब्रेक सिलिंडरकडे सोडतो. ब्लॉक चाकाला चिकटतो. पुन्हा दाब वाढवला की ब्रेक सुटतो.

दोन डब्यांमधला पाइप फाटला, कपलिंग तुटून गाडीचे दोन तुकडे झाले, कोणी साखळी ओढली, तरी परिणाम एकच. हवा निसटते आणि ब्रेक लागतो. गाडीचे दोन तुकडे झाले तर दोन्ही तुकडे आपोआप थांबतात. इथे गाडीला थांबायला कोणाची परवानगी लागत नाही, चालायला लागते. सगळी तपासणी याच एका विचारावर उभी आहे.

बीपीच्या शेजारी दुसरा पाइप असतो, फीड पाइप किंवा एफपी. त्यात दाब ६ किलो. डब्यांच्या टाक्या भरलेल्या ठेवणं हे त्याचं काम. दोन डब्यांच्या मधे जे दोन जाड रबरी होज लोंबताना दिसतात ते हेच. त्यांच्या तोंडाशी बंद-चालू करायचे कॉक असतात, अँगल कॉक. बीपीचा हिरवा, एफपीचा पांढरा.

पिट लाइनवर हे दोन्ही पाइप भरून दाब टिकतो का ते बघतात. थोडी गळती कुठल्याही जोडातून होणारच, पण मिनिटाला ०.२ किलोपेक्षा जास्त दाब उतरता कामा नये. उतरला तर 'फुस्स' कुठून येतंय ते कान लावून शोधायचं, वॉशर बदलायचं, पुन्हा बघायचं. मग ब्रेक लावून एकेका डब्याकडे चालत जायचं: इथे लागला का? मग सोडून पुन्हा एकेका डब्याकडे: सुटला का? लागणं जितकं महत्त्वाचं तितकंच सुटणं. न सुटलेला ब्रेकच वर सांगितलेला चट्टा पाडतो. एलएचबी डब्याच्या बाजूला खालच्या अंगाला छोट्या चौकटी असतात, त्यात ब्रेक लागला की लाल आणि सुटला की हिरवा रंग दिसतो. फलाटावरून तुम्हालाही दिसेल. गाडी सुटताना लाल हिरवा होतो, तेव्हा सर्र असा आवाजही येतो.

सुटण्याच्या स्टेशनावर मेल-एक्सप्रेस गाडीची ब्रेक पॉवर १०० टक्के लागते, म्हणजे सगळ्याच्या सगळ्या डब्यांचे ब्रेक चालू. वाटेत एखाद्या डब्याचा ब्रेक बिघडून तो बंद करावा लागला तर ९० टक्क्यांपर्यंत चालवून घेतात, त्याखाली नाही. २० डब्यांच्या गाडीत एका डब्याचा ब्रेक बंद केला की ९५, दोन डब्यांचा केला की ९०. हिशेब तिथेच संपला.

इथे एक गोम आहे, आणि ती नीट कळली नाही तर वरचं सगळं वाचून माणूस निर्धास्त होईल. हवा नसली की ब्रेक लागतो, हे खरं. पण लागलेला ब्रेकही हवेनेच लागलेला असतो. इंजिन काढून रेक तासन् तास उभा ठेवला तर सिलिंडरमधली हवा हळूहळू निसटते आणि ब्रेक सैल पडतो. उतार असेल तर रेक आपोआप चालायला लागतो. म्हणून उभ्या रेकच्या चाकांखाली लाकडी पाचरी किंवा स्किड लावतात, हँडब्रेक आवळतात, साखळीने रुळाला बांधतात. ७ एप्रिल २०१८ च्या रात्री ओडिशात टिटलागड स्टेशनावर अहमदाबाद-पुरी एक्सप्रेसचं इंजिन एका टोकाहून काढून दुसऱ्या टोकाला लावायचं होतं. चाकांखाली स्किड घातले गेले नव्हते. प्रवाशांनी भरलेली गाडी इंजिनाविना साधारण १० किलोमीटर घरंगळत गेली. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. २५ फेब्रुवारी २०२४ ला जम्मूतल्या कठुआहून एक मालगाडी अशीच ड्रायव्हरविना सुटली आणि ७० किलोमीटरहून जास्त अंतर कापून पंजाबात थांबवता आली. दोन्ही वेळा कमी पडली ती गाडी बांधून ठेवण्याची साधी खबरदारी.

फलाटावर शेवटची दहा मिनिटं

तिकडे क्रू लॉबीत लोको पायलट आणि सहायक ड्युटीवर हजर होतात. आधी नळीत फुंकर, दारूची तपासणी. मग वाटेत कुठे किती वेगाने जायचं त्याचा सावधानी आदेश, म्हणजे कॉशन ऑर्डर. रुळाचं काम चालू असेल, पावसाने काळ्या मातीचा भराव बसला असेल, तिथे वेगमर्यादा. इंजिन ताब्यात घेताना आधीच्या ड्रायव्हरने लॉगबुकात काय लिहिलंय ते वाचायचं, हॉर्न, हेडलाइट, धोक्याचा लुकलुकणारा दिवा आणि ब्रेक बघायचे, ओल्या रुळावर चाक घसरू नये म्हणून टाकायची वाळू पेटीत आहे का ते बघायचं. गार्ड, ज्याला जानेवारी २०२२ पासून अधिकृतपणे ट्रेन मॅनेजर म्हणतात, तो आपलं सामान घेऊन मागे जातो: लाल-हिरवी झेंडी, हातदिवा, संकटात मागच्या-पुढच्या गाडीला सावध करायला रुळावर लावायचे फटाके. शेवटच्या डब्याला 'एलव्ही', म्हणजे 'लास्ट व्हेइकल', अशी पाटी आणि लाल दिवा तोच लावतो. ती पाटी प्रत्येक स्टेशनवर मुद्दाम बघितली जाते. ती दिसली म्हणजे गाडी पूर्ण आली, मागे वाटेत डबा राहिला नाही.

आता इंजिन रेकला लागतं, होज जोडतात, कॉक उघडतात. इथे एक तपासणी पुन्हा होते. पिट लाइनवर सगळं ठीक होतं, मग पुन्हा कशाला? कारण इंजिन आणि पहिला डबा यांच्यामधला जोड आत्ता नवा झाला आहे, आणि मधला एक जरी कॉक बंद राहिला तर त्याच्या मागच्या सगळ्या डब्यांचे ब्रेक ड्रायव्हरच्या हाताबाहेर जातात. समोरचा मीटर मात्र झकास पाच किलो दाखवत राहतो. संत्र्याच्या बागेत ठिबक लावलेला शेतकरी मोटार सुरू करून पंपाजवळ उभा राहत नाही, तो लाइनच्या शेवटच्या झाडाखाली पाणी टिपकतंय का ते बघायला जातो. इथेही तसंच. गार्डच्या डब्यातला मीटर बघायचा. तिथे बीपी किमान ४.८ किलो दिसायला हवा. मग ड्रायव्हर पुढे दाब उतरवतो, मागे गार्डचा काटा उतरला पाहिजे. नंतर गार्ड आपला व्हॉल्व्ह उघडून हवा सोडतो, पुढे ड्रायव्हरचा काटा उतरला पाहिजे. दोघंही वॉकीटॉकीवर एकमेकांना आकडे सांगतात. पाइप या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड आहे, हे यातून सिद्ध होतं. याला कंटिन्युइटी टेस्ट म्हणतात. इंजिन बदललं, टोक बदललं, डबा काढला-जोडला की ती पुन्हा करायची.

ही तपासणी का एवढी कडक, ते १९८८ च्या जूनमध्ये पॅरिसला दिसलं. एका लोकल गाडीत प्रवाशाने साखळी ओढली. ब्रेक पूर्ववत करताना ड्रायव्हरकडून मुख्य पाइपचा कॉक बंद झाला, आणि बहुतेक डबे ब्रेकविना राहिले. गाडी उतारावरून गार द ल्यों स्टेशनात उभ्या असलेल्या गाडीवर आदळली. ५६ माणसं गेली.

मग बीपीसी भरतात. इंजिनाचा नंबर, डबे किती, ब्रेक पॉवर किती टक्के, इंजिनात आणि शेवटच्या डब्यात दाब किती. खाली सी अँड डब्ल्यूच्या इंजिनिअरची, लोको पायलटची आणि गार्डची सही. तिघांची, म्हणजे उद्या काही झालं तर 'मला माहीत नव्हतं' म्हणायला तिघांपैकी कोणालाच जागा नाही. मला यातली ही गोष्ट सगळ्यात शहाणपणाची वाटते.

तर गाडी सुटायला उशीर होतोय आणि खाली दोन माणसं होजपाशी वाकून काहीतरी करताहेत, असं दिसलं तर तो उशीर गोड मानून घ्या. कोळशाच्या गाड्या पुढे काढायच्या म्हणून माजरी किंवा भांदकला पॅसेंजर तासभर बाजूला उभी करतात, तो उशीर वेगळा. त्याबद्दल जेवढं बोलायचं तेवढं बोला, माझी ना नाही.

लहान गाड्यांचं काय?

इथवर जे सांगितलं ते मोठ्या गाड्यांचं. पण आपल्याकडच्या पॅसेंजर दिवसातून दोन-तीन फेऱ्या करतात, त्यांना प्रत्येक फेरीनंतर पिट लाइनवर कोण नेणार? नेत नाहीत. अशा जोडून धावणाऱ्या पॅसेंजर आणि शटल गाड्यांना ३५०० किलोमीटर किंवा ९६ तास, जे आधी भरेल त्यानंतर ठरलेल्या ठिकाणी पिटवर तपासणी लागते. मधल्या काळात प्रत्येक टोकाला ब्रेकची तपासणी होतच असते. डबे बदलले तर कागदही नव्याने.

बऱ्याच पॅसेंजर आता मेमू झाल्या आहेत. मेमूला वेगळं इंजिन नसतं. काही डब्यांखालीच विजेच्या मोटारी असतात आणि दोन्ही टोकांना ड्रायव्हरची केबिन. शेवटच्या स्टेशनात ड्रायव्हर सामान उचलून चालत दुसऱ्या टोकाला जातो आणि तिथून ब्रेक पुन्हा बघतो. मेमूच्या ब्रेकला विजेची जोड आहे, त्यामुळे सगळ्या डब्यांचे ब्रेक जवळपास एकाच क्षणी लागतात. साध्या गाडीत हवेचा दाब पुढून मागे उतरत जायला थोडा वेळ लागतो. दर पाच-सात किलोमीटरवर थांबणाऱ्या गाडीला याचा फार उपयोग होतो.

आमच्या भागातल्या म्हाताऱ्या माणसांना शकुंतला आठवते. मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरकडे जाणारी ती नॅरोगेज गाडी. १९२१ सालचं तिचं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत धावलं. तिकीट फाडण्यापासून इंजिन वळवण्यापर्यंतची कामं मोजकीच माणसं करत. वेग एवढा कमी की चुकीला सावरायला वेळ मिळत असे. नव्या मार्गांचं तसं नाही. २८ फेब्रुवारी २०२४ ला वर्धा-कळंब नव्या मार्गावर गाडी सुरू झाली. अशा नव्या मार्गावर प्रवासी गाडी धावण्याआधी रेल्वे सुरक्षा आयुक्तांनी तो तपासून मंजूर करावा लागतो. हे आयुक्त रेल्वे मंत्रालयाखाली येत नाहीत, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली येतात. आपल्याच घरचा माणूस आपलीच परीक्षा घेणारा नसावा, म्हणून ही सोय.

सुटल्यानंतरही तपासणी थांबत नाही. रुळावर गुरं आली आणि धडक बसली, आपल्याकडे हे फार होतं, तर इंजिनाच्या पुढचा किंवा डब्याखालचा पाइप, कॉक तुटला का ते उतरून बघावं लागतं. साखळी ओढली की त्या डब्याच्या बीपीतून हवा निसटते. मग कोणाला तरी उतरून 'फुस्स' कुठून येतंय ते शोधत तो डबा गाठावा लागतो आणि चावीने व्हॉल्व्ह बंद करावा लागतो. तोवर गाडी जागची हलत नाही. गावाजवळ उतरायला सोपं जावं म्हणून साखळी ओढणाऱ्या पोट्ट्यांना हे कोणीतरी समजावून सांगायला हवं. काहीही कारण नसताना ओढली तर रेल्वे कायद्यात दंड आणि तुरुंग दोन्ही आहे, ते वेगळंच.

साखळी ओढायची तेव्हा मात्र ओढायचीच. डब्याखालून धूर निघतोय, जळका वास थांबत नाही, लोखंड रुळावर घासल्यासारखा मोठा आवाज येतोय, तर वाट बघू नका. एवढं तातडीचं नसेल, नुसता चाकाचा ठक-ठक किंवा सतत गळणारी हवा असेल, तर १३९ वर फोन करा किंवा पुढच्या स्टेशनावर गार्डला गाठा. सांगताना 'मधला डबा' म्हणू नका. डब्याच्या बाजूला पाच-सहा आकडी नंबर असतो, तो सांगा. त्यातले पहिले दोन आकडे डबा कोणत्या साली बांधला ते दाखवतात, आणि त्या नंबरावरून पुढच्या पिट लाइनवर नेमका तोच डबा शोधता येतो.